मागच्या दाढेखालची खरखर

साचेबाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. इस्पितळाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून त्यांची खोली होती. दारावरच्या पाटीवर एक लांबलचक पद लिहिलेलं होतं आणि ते म्हणताना वरच्या मजल्यावरच्या भल्याभल्यांची जीभ अडखळायची. मग एकदा कुणी डॉक्टर वैतागून म्हणाला, "ते साचे करणाऱ्या बाईंना विचारा," आणि त्या साचेबाई झाल्या. म्हणणारा नोकरी सोडून गेला, नाव मात्र मुक्कामाला राहिलं.

खोलीत छपाईची दोन यंत्रं होती. मोठ्याला बाई थोरली म्हणायच्या, लहानाला धाकटी. जावाजावांचं असतं तसंच त्यांचं होतं, एक सुरळीत चालली की दुसरी रुसायची. थोरली हाडं छापायची. रुग्णाच्या जबड्याचं स्कॅन आलं की बाई ते पडद्यावर साफ करायच्या, आणि थोरली केसाएवढे पातळ थर एकावर एक चढवत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तोच जबडा हातात द्यायची, दातांसकट. धाकटी गाइड छापायची. गाइड म्हणजे हाडावर घट्ट बसणारा एक तुकडा, त्यात करवत घालायला एक फट. ऑपरेशनच्या वेळी तो हाडावर बसवायचा, फटीतून करवत चालवायची, रोगट जबडा काढायचा आणि त्या जागी पायातलं एक बारीक हाड, तेही असंच मापानं कापून, बसवायचं. पूर्वी हे सगळं तोंड उघडं पडल्यावर डोळ्याच्या अंदाजानं चालायचं. आता कुठे कापायचं ते आधीच पडद्यावर ठरत होतं. करवत सर्जन मॅडमच्या हातात, पण करवतीची वाट तळघरात आखलेली. ती वाट आखूड पडली तर रोग आत राहणार, इतकं ते सरळ होतं.

बाईंना या कामाचा अभिमान होता, आणि तो लपवायच्या भानगडीत त्या पडत नसत. त्यांच्याकडे मोठी पदवी नव्हती. वडील कवळ्या करायचे, त्यांच्या हाताखाली बाई शिकल्या. वडिलांचा एकच मंत्र होता. जिभेला जे टोचतं ते डोळ्याला दिसत नाही, म्हणून डोळे मिटायचे आणि बोट फिरवायचं. बाईंची तरुणपणाची सगळी वर्षं कवळ्यांवर बोट फिरवण्यात आणि कानस मारण्यात गेली. कुठे खरखर लागली की त्यांचा हात शिवशिवायचा. लोकांच्या घरी टेबलाची कड फुटलेली असली तरी बोलता बोलता ती नखानं खरवडत बसायच्या. नवरा कानात म्हणायचा, "अगं, आपण पाहुणे आहोत, सुतार नाही."

पडद्यावरही एक कानस होती. म्हणजे एक गोल टिंब, ते हाडाच्या चित्रावरून फिरवलं की टेंगळं जायची, खड्डे बुजायचे. ते काम लागायचंच, कारण तोंडात धातू असला की स्कॅनवर पांढऱ्या रेघांचं जाळं पसरतं आणि चांगलं हाडही कुरतडल्यासारखं दिसतं. ती घाण काढणं हेच बाईंचं काम. त्यांच्याइतकं स्वच्छ हाड दुसरं कुणी काढत नाही, असं खुद्द मॅडम पाहुण्या डॉक्टरांना सांगायच्या. दोन वर्षांत एक्केचाळीस जबडे झाले होते. बेचाळिसावा टेलरमास्तरांचा.

मास्तरांच्या खालच्या डाव्या हिरडीत गाठ होती. फॉर्मवर नोंद होती, वरच्या दोन दाढांना धातूच्या टोप्या, खाली डावीकडे शेवटच्या दाढेला एक. पडद्यावर अर्थातच रेघांचा गोंधळ. शेवटच्या दाढेखालचं हाड तर चाळणीसारखं दिसत होतं. "टोपीचा प्रताप," असं स्वतःशीच म्हणत बाईंनी कानस फिरवली. दाढेचा माथाही अर्धवट दिसत होता, तो फॉर्मप्रमाणे टोपीसकट नीट करून ठेवला. स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं होतं की रेघांमुळे त्या भागाबद्दल खात्रीनं सांगता येत नाही. मॅडमनी बाईंचं गुळगुळीत हाड फिरवून फिरवून पाहिलं आणि शेवटच्या दाढेच्या अलीकडे कापायची रेघ मारली. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आठला ठरलं.

बुधवारी दुपारी बारा वाजता वॉर्डातली सिस्टर मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला घेऊन तळघरात आली. रुग्णांना खाली आणायची पद्धत नव्हती. स्कॅनची फाइल यायची, जबडा वर जायचा, ज्याचा जबडा तो माणूस बाईंना कधी दिसायचा नाही.

"ऐकतच नाहीत," सिस्टर म्हणाली. "सकाळपासून घोषा लावलाय, मला माझं हाड दाखवा म्हणून."

"मग चुकलं काय?" मास्तर म्हणाले. बारीक अंगाचा साठीचा माणूस, गळ्यात अजून मोजायची टेप. डाव्या गालाला सूज होती म्हणून बोलणं थोडं घोळत होतं. "गिऱ्हाइकाच्या अंगावर काय चढणार ते त्याला आधी दाखवायला नको?"

बाईंनी जबडा त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी तो कापड पारखतात तसा उजेडाकडे धरला.

"हा मी?"

"तुम्हीच."

"आतून बराच देखणा आहे की मी."

"बाहेरून नाही ना, मग काय उपयोग," बायको म्हणाली, आणि तिनं तोंड वळवून डोळे पुसले.

बाईंना मास्तर आवडले. कामाचा माणूस कामाच्या माणसाला ओळखतो. त्यांनी गाइड काढून दाखवलं, जबड्यावर बसवून दाखवलं, ही फट, इथून करवत जाणार. मास्तर बारकाईनं बघत होते. मग त्यांनी विचारलं, "टाचण्या धरता येतील का हो नंतर? तीस वर्षं याच कोपऱ्यात धरतोय." त्यांनी ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"तिथली जाणीव जाईल. डॉक्टरांनी सांगितलं असेल ना?"

"सांगितलं. म्हटलं, ठीक आहे, उजव्या कोपऱ्याला शिकवू. तो कोपरा रिकामाच आहे आयुष्यभर." मग गाइडच्या फटीकडे बघत म्हणाले, "माया किती सोडलीत?"

बाईंना समजलं नाही.

"अहो, शिलाईच्या आत जास्तीचं कापड सोडतो ना आम्ही. पुढे कपडा आखूड झाला तर उसवून वाढवता येतो. ती माया."

"रोग दिसतो तिथून पुढे एक सेंटिमीटर."

"कमी वाटते. पण तुमचं कापड महागाचं." मास्तर हसले, आणि हसता हसता थांबले. जबड्याच्या मागच्या टोकाला त्यांनी अंगठा लावला. "ही टोपी इथे कशी?"

"तुमची शेवटची दाढ. फॉर्मवर आहे."

"फॉर्म माझ्या मेव्हण्यानं भरला, जुन्या कार्डावरून. टोपी केव्हाच निघाली." त्यांनी खिशातून एक चपटी डबी काढली. तिच्यात टाचण्या होत्या, खडूचा तुकडा होता, आणि कागदाच्या घडीत ती पिवळट टोपी. "ही बघा. पावाची कडक कड चावताना हातात आली. त्या वेळीच मी दातांच्या दवाखान्यात गेलो आणि त्यांनी गाठ बघून इथे पाठवलं. आणि तुम्ही मला नवी बसवून दिलीत! मापात नसलेला खिसाही लावून देता की तुम्ही."

सिस्टर हसली. बायकोही हसली. साचेबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"स्कॅनच्या आधी निघाली?"

"दीड महिना आधी. तेव्हापासून तिथे जीभ गेली की खरखर लागते बघा, कच टोचल्यासारखी. पण सांगणार कुणाला? सगळे पुढची गाठच बघतात."

ती मंडळी वर गेल्यावर बाईंनी दार लावलं आणि मूळ स्कॅन उघडलं, हात न लावलेलं. वरच्या दोन टोप्यांच्या रेघा वर होत्या, दातांच्या पातळीला. खाली दाढेवर टोपीच नव्हती, तर खालच्या हाडात रेघा येतील कुठून? तिथे जे दिसत होतं ते खड्डे होते. हाड आतून कुरतडलं जात होतं, आणि त्यांनी ते मन लावून बुजवलं होतं. कापायची रेघ त्या खड्ड्यांच्या अलीकडे होती. उद्या मॅडम गाइडवर विश्वास ठेवून कापणार, खड्डे तोंडातच राहणार, वर नवं हाड बसणार, टाके पडणार.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. माणसाचं मन अशा वेळी वकिलासारखं काम करतं आणि फीसुद्धा मागत नाही. कदाचित हे नुसतं मुळाचं दुखणं असेल, रोग नसेलही. कदाचित मॅडमना उद्या हाड उघडं पडल्यावर दिसेलच. स्कॅनवाल्यानंच लिहिलंय खात्री नाही म्हणून, मग जबाबदारी त्याची. फॉर्म मेव्हण्यानं चुकवला. ही खोली उघडताना अर्धं इस्पितळ म्हणत होतं, कवळीवाल्या बाईच्या हाती हाडं देताय? आता सांगायला जावं तर त्यांना हवंच आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. हे सगळं त्यांच्या मनात आलं, आणि त्याची त्यांना लाज वाटली, पण आलं खरं.

त्यांनी वडिलांना फोन लावला. म्हातारा दुपारचा पत्ते खेळत बसायचा. फोन घेताना त्यांना दोनदा हॅलो म्हणावं लागलं, कारण खेळताना ते स्वतःची कवळी काढून ठेवत.

"बाबा, एका ठिकाणी नको ते घासलं गेलंय."

"थांब, दात घालतो." आवाज आला, मग नीट बोलले. "टोचतं कुठे ते विचारलं नव्हतंस?"

"इथे माणूस समोर येतच नाही, बाबा. नुसतं चित्र येतं."

"आज आला होता ना?"

"आज आला. त्यानं सांगितलं."

पलीकडे पत्त्यातला कुणीतरी "चला लवकर" म्हणाला, त्याला बाबांनी गप्प केलं. मग ते म्हणाले, "पोरी, मी कवळ्या चुकवल्या नाहीत असं समजू नकोस. पुष्कळ चुकवल्या. पण कवळी परत येते. दुसऱ्या दिवशी शिव्या देत माणूस येतो, आपण दुरुस्त करतो, तो जातो. तुझ्याकडची परत येत नाही." आणि फोन ठेवताना म्हणाले, "जा वर. जेवायलाही थांबू नकोस."

मॅडम दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. बाई थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसल्या, मांडीवर जबडा, हातात मूळ स्कॅनचे दोन कागद. समोरच्या भिंतीचा रंग एका जागी पोपडा धरून सुटला होता. एरवी त्यांनी तो खरवडला असता. आज बोट तिकडे गेलं आणि त्यांनी ते मागे घेतलं.

चार वाजता मॅडम बाहेर आल्या, कपाळावर टोपीचा वळ. वयानं त्या बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण बोलणं कापून ठेवलेलं. बाईंनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. मधे थांबल्या असत्या तर पुढे बोलवलं नसतं.

मॅडमनी कागद बघितले. बराच वेळ बघितले. ओरडल्या नाहीत, ते बाईंना जास्त जड गेलं.

"म्हणजे मी जे हाड बघून रेघ मारली, ते हाड पेशंटचं नव्हतं. तुमचं होतं."

"हो."

"मूळ स्कॅन मीही पुन्हा उघडायला हवं होतं. ते माझं चुकलं, आणि मी ते सांगेन. पण तुम्ही इथे घासलंय हे कुठे लिहिलं होतंत?"

"कुठेच नाही."

"का?"

बाईंना खरं तेच सांगावं लागलं. "मॅडम, कवळीत कुठे घासलं ते कुणी लिहीत नाही. घासलेलं कळलं नाही तरच ते काम चांगलं."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. थकलेल्या डोळ्यांत राग येत होता. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. बाईंनी तो दुपारपासून मनात येऊ दिला नव्हता.

"आधीच्या एक्केचाळीस जणांचं काय?"

गुरुवारचं ऑपरेशन रद्द झालं. मास्तरांच्या वरच्या टोप्या काढून नवं स्कॅन झालं, दाढेखालचा तुकडा तपासायला गेला आणि तीन दिवसांनी उत्तर आलं. ते मुळाचं दुखणं नव्हतं. रोग मागे, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत सरकला होता. आता कापणं वाढणार, पायाचं हाड जास्त लागणार, गाल अधिक ओढला जाणार.

मॅडम वॉर्डात सांगायला गेल्या तेव्हा बाई बरोबर गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. मॅडमनी आपला भाग सांगितला, मग बाईंनी आपला. साध्या शब्दांत सांगितला, रोगाला घाण समजून मी तो चित्रातून पुसला, असा.

मास्तरांची बायको उठली.

"तुम्ही साफसफाई केलीत," ती म्हणाली. "यांच्या मरणावरून झाडू फिरवलात आणि आम्हाला जबडा दाखवून हसवलंत. मी हसले हो तुमच्याबरोबर. मी तिथे हसले!"

"अगं," मास्तर म्हणाले.

"अगं काय? यांनी डबी काढली नसती तर?"

बाई तिथेच उभ्या राहिल्या. निघून जाणं सोपं होतं, म्हणून त्या गेल्या नाहीत. शेवटी मास्तरांनी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "तुम्ही जा आता." ते त्यांनी सभ्यपणे म्हटलं, आणि बाईंना वाटलं, शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसरा जबडा छापताना बाईंनी कानसेला हात लावायचा नाही असं ठरवलं, पण ते वेडेपणाचं होतं. वरच्या टोप्या काढल्या तरी स्कॅनवर थोडा गाळ उरतोच. मग त्यांनी मॅडमना शेजारी बसवलं. प्रत्येक जागी विचारायचं, हे पुसू का, हे हाड की गाळ, आणि जे पुसलं ते तांबड्या रंगानं ठेवायचं, वहीत लिहायचं. तीन तासांचं काम दीड दिवस चाललं. मॅडम दोनदा घड्याळाकडे बघून उठल्या आणि दोनदा परत बसल्या. थोरलीनं छापलेला जबडा हातात आला तेव्हा मागच्या दाढेखाली खड्डे होते, छोटे, कडा तीक्ष्ण. बाईंनी डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. खरखर लागली. हात शिवशिवला आणि त्यांनी तो खिशात घातला.

ऑपरेशन अकरा तास चाललं. आठ दिवसांनी अहवाल आला, कापलेल्या कडांवर रोग नाही. सिस्टरनं तो फोनवर सांगितला, तेव्हा बाई धाकटीची काच पुसत होत्या. त्या खाली बसल्या आणि ढसाढसा रडल्या. मग उठून काच पुसायचं उरलेलं काम केलं.

पुढचे दोन महिने त्या जुनी स्कॅन्स उघडत राहिल्या. एकेक जबडा, मूळचा आणि घासलेला, शेजारीशेजारी. रोज घरी गेल्यावर नवरा विचारायचा, आज किती? त्या आकडा सांगायच्या, आणि पुढचं काही नवरा विचारायचा नाही. एकोणचाळीस ठिकाणी काही नव्हतं, जिथे घासलं तिथे खरंच रेघा होत्या. दोन ठिकाणी मात्र त्यांना शपथेवर सांगता येईना. मॅडमनी दोघांना फोन केले. एक बाई होत्या. त्या आल्या, तपासणी झाली, ठणठणीत निघाल्या. दुसरा माणूस पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचा. तो तपासणीला यायचा सहा महिन्यांपूर्वीच थांबला होता. त्याचा फोन लागेना. ऑफिसनं दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही, आणि मग ऑफिसच्या दृष्टीनं ते काम झालं.

साडेतीन महिन्यांनी एका दुपारी तळघराचं दार वाजलं. मास्तर होते, एकटे, हातात काठी. चेहरा डावीकडे थोडा खेचला होता, गळ्यावर व्रण होता. तरी हनुवटी समोरच होती, दात दातांवर बसत होते. बाईंच्या डोळ्यांनी सवयीनं ते मोजलंच.

"बसा."

"बसायला नाही आलो." बोलणं जाड झालं होतं, पण कळत होतं. त्यांनी डबी काढली, त्यातून एक टाचणी घेतली आणि ओठाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. टाचणी खाली पडली, ती पडल्याचं त्यांना कळलंही नाही. बाईंनी जमिनीकडे पाहिलं तेव्हा कळलं. त्यांनी दुसरी घेतली, उजवीकडे ठेवली. ती राहिली. ओठ थरथरत होता, पण राहिली.

"शिकतोय," ते म्हणाले आणि टाचणी काढली. "दोन्ही जबडे आहेत का अजून?"

बाईंनी कपाटातून ते काढून टेबलावर ठेवले. एक गुळगुळीत, एक खड्ड्यांचा. मास्तरांनी आधी खड्ड्यांवरून बोट फिरवलं. "हेच. हेच जिभेला लागत होतं." मग विचारलं, "पहिल्या रेघेनं कापलं असतं तर मागे किती राहिलं असतं?"

बाईंनी पेन्सिलीनं पहिली रेघ दाखवली, मग रोग जिथे संपत होता ती जागा. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून मधलं अंतर मोजलं, टेप नखानं दाबून धरली आणि चष्मा वर करून आकडा वाचला.

"पाऊण इंच," ते म्हणाले. "एवढी माया तर मी लहान पोराच्या चड्डीलाही सोडतो."

ते हसत नव्हते. टेप गुंडाळून पुन्हा गळ्यात घालायला त्यांना बराच वेळ लागला. बाईंना माफी मागायची होती, आणि ती मागून झाली होती, आणि तिचा काही उपयोग नव्हता हे दोघांनाही माहीत होतं.

"आणखी कुणाचं असं घासलंत?"

कुणाचं नाव न सांगता बाईंनी सांगितलं. एकोणचाळीस, एक, आणि तो एक.

"फोन लागत नाही म्हणून?"

"पत्रंही पाठवली."

"कपडा न्यायला माणूस आला नाही तर मी पत्र पाठवत नाही." मास्तरांनी काठी टेकली. "फोन लागत नाही, पण पाय आहेत ना तुम्हाला? माझ्या एका पायातलं हाड काढून घेतलंत, तरी मी आलो."

ते गेल्यावर बाईंनी मॅडमना फोन करून विचारलं, जाऊ का. मॅडम म्हणाल्या, "माझी चिठ्ठी घेऊन जा. म्हणावं, उद्याच या." बाईंनी थोरली बंद केली. ती छपाईच्या मधोमध होती, एका हाडाचा अर्धा भाग वाया जाणार होता. जाऊ दे. पत्ता शहराच्या पलीकडच्या टोकाचा होता. दोन बस बदलून, शाळा सुटलेल्या पोरांच्या गर्दीतून त्या एका तीन मजली इमारतीपाशी पोहोचल्या. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर दारापुढे दोन जोड चपला होत्या, एक बायकी, एक लहान मुलाची. पुरुषाची चप्पल नव्हती. घंटा वाजवायला बोट उचललं ते हवेत राहिलं. शेवटी त्यांनी ती वाजवली.

दार उघडलं ते एका तरुण बाईनं, हात पिठाचे.

"मी इस्पितळातून आलेय. तुमच्या यजमानांच्या जबड्याचा साचा केला होता, ती मी."

तिनं पिठाचे हात पदराला पुसले. "काही झालं का?"

"मला त्यांना एक विचारायचं होतं."

तिनं मागे वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या." आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं आली, आणि मोज्यांवरच एक उंच माणूस दारात येऊन उभा राहिला. नंबर बदललाय हो माझा, कळवायचं राहिलंच, पत्रंही मिळाली, कितीतरी महिने येणार येणार म्हणतोय, असं बरंच काही तो ओशाळून बोलत होता. साचेबाई त्याच्या हनुवटीकडे बघत होत्या. ती सरळ होती, गुळगुळीत, त्यांच्याच हातची.

तो थांबल्यावर त्यांनी बाबा गिऱ्हाइकाला विचारायचे तसंच विचारलं, "आत जीभ फिरवल्यावर कुठे टोचतं का हो? काही खरखर?"

माणूस गोंधळला. मग त्यानं तोंड मिटलं, आणि गालाच्या आतून, अगदी मागच्या टोकापासून, सावकाश जीभ फिरवून बघायला लागला.